दोष दोऱ्याचा नव्हे, दाबाचा!

घरातल्या जुन्या शिवणयंत्राचे टाके सुटू लागले, शिवण वाकडी जाऊ लागली किंवा कापड जागच्या जागी घुटमळू लागले की पहिला हात जातो तो दोऱ्याच्या चकत्यांकडे. दोऱ्याचा ताण, म्हणजे बोलीतले ‘टेन्शन’, थोडे घट्ट केले जाते, मग थोडे सैल. सुई बदलली जाते, रीळ बदलले जाते. तरीही टाका सुधारत नाही. मग ‘मशीन आता जुने झाले’ असा निर्वाळा दिला जातो आणि आजीच्या काळातले ते लोखंडी यंत्र माळ्यावर किंवा थेट भंगारवाल्याकडे रवाना होते. वस्तुत: अशा कितीतरी यंत्रांत ताणाचा काहीही दोष नसतो. दोष असतो तो कापडावर पडणाऱ्या दाबाचा. हा दाब निर्माण करणारे भाग हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत : एक पेच, एक स्प्रिंग, एक दांडी, तिच्यावरची एक कॉलर, ती उचलणारी खिट्टी आणि खाली कापडावर टेकणारा पाय. यांतले काहीही दुरुस्त होऊ शकते, आणि बहुतेक सारे बदलताही येते.

यंत्राच्या डोक्याच्या डाव्या टोकाला, अगदी वर, कडेने बारीक रेघा कोरलेला एक गोल पेच असतो. वर्षानुवर्षे मशीन चालवणाऱ्या अनेकांनी त्याला कधी हातही लावलेला नसतो. हा पेच आतून पोकळ असतो आणि त्याच्या पोकळीतून एका दांडीचे टोक डोकावते. ही ‘प्रेशर बार’. सुईच्या दांडीमागे ती उभी असते. तिच्या खालच्या टोकाला छोट्या स्क्रूने ‘प्रेशर फूट’ बसवलेला असतो. कारागीर त्याला नुसते ‘फूट’ म्हणतात, आणि घरगुती भाषेत तो यंत्राचा पाय. दांडीच्या मध्यावर एक कॉलर घट्ट आवळलेली असते. पेच आणि कॉलर यांच्यामध्ये दांडीभोवती गुंडाळलेली स्प्रिंग बसते. पेच उजवीकडे फिरवून खाली नेला की स्प्रिंग दाबली जाते, ती कॉलरला खाली ढकलते, कॉलरबरोबर दांडी आणि दांडीबरोबर पाय. डावीकडे फिरवला की दाब उतरतो. यंत्रणा एवढीच.

दाब नेमका कशासाठी, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. इलायस होवे यांना १८४६ मध्ये अमेरिकेत ज्या यंत्राचे पेटंट मिळाले, त्यात कापड टाचण्या लावलेल्या धातूच्या पट्टीवर उभे अडकवावे लागे. पट्टी संपली की यंत्र थांबवून कापड पुन्हा अडकवायचे. आयझॅक मेरिट सिंगर यांच्या १८५१ च्या यंत्रात कापड आडव्या पाटावर आले आणि त्याला वरून दाबून धरणारा पाय मिळाला. पुढे १८५४ मध्ये ॲलन विल्सन यांनी कापड सरकवणाऱ्या दात्यांच्या चार गतींचे पेटंट घेतले : दाते वर येतात, कापड मागे नेतात, खाली बुडतात आणि पाटाखालून पुन्हा पुढे येतात. आजही पाटावर दिसणारे दाते याच रीतीने चालतात. पण दाते कापड पकडतात ते केवळ वरून पाय टेकलेला असतो म्हणून. पायाचा दाब नसेल तर दाते कापडाखाली नुसते घासत राहतील. शिवाय सुई कापडातून वर निघताना कापडालाही आपल्याबरोबर उचलू पाहते. ते खाली धरून ठेवणे हेही पायाचेच काम. कापड सुईबरोबर उचलले गेले की खाली दोऱ्याचा फास नीट तयार होत नाही आणि टाका सुटतो. टाका सुटण्याचे कारण पुष्कळदा दोऱ्यात सापडत नाही, ते यामुळे.

सिंगर कंपनीची यंत्रे आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच पोहोचली. कंपनीचा येथला कारभार नसरवानजी मेरवानजी पटेल हे पारशी गृहस्थ दीर्घकाळ सांभाळत होते. स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँक येथे १८८५ मध्ये सुरू झालेल्या आणि १९८० मध्ये बंद पडलेल्या कारखान्यातली यंत्रे महाराष्ट्रातल्या घरांतही आढळतात. यंत्रयुगाविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ मध्ये एका संभाषणात सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनीअरिंग वर्क्सने ‘उषा’ यंत्रे बनवायला सुरुवात केली. लुधियाना पुढे यंत्रांचे आणि सुट्या भागांचे मोठे केंद्र झाले. ‘सिंगर १५’ या वर्गातल्या यंत्राच्या धर्तीवर भारतात, चीनमध्ये आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्येही असंख्य यंत्रे तयार झाली. नावे निराळी, रंग निराळे. पण डोक्यातली दाबाची रचना जवळपास तीच. जुने यंत्र आजही दुरुस्त होऊ शकते ते मुख्यत: या साधर्म्यामुळे.

दाब कमी की जास्त?

पेचाला हात लावण्यापूर्वी दाब खरोखरच बिघडला आहे का, हे पाहणे अगत्याचे. त्यासाठी दोरा काढून टाकावा आणि एकाच कापडाच्या सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवून हातभर शिवण चालवावी. वरची पट्टी शेवटी पुढे उरली आणि खालची आधी संपली, तर दाब जास्त आहे. खालच्या पट्टीला दाते ओढत असतात. वरची मात्र पायाखाली घासून मागे रेंगाळते. साडीला फॉल लावताना एका टोकाला कापड उरते आणि चुण्या पडतात, त्यामागे शिवणारीचा हात नेहमीच दोषी नसतो. दाब जास्त असल्याची दुसरी खूण कापडाच्या उलट्या बाजूला मिळते. तेथे दात्यांच्या बारीक रांगा उमटलेल्या दिसतात. सुती कापडावर त्या एका धुण्यात जातात, रेशमावर कायमच्या राहू शकतात. पैठणीच्या ब्लाउजपीसवर हा प्रयोग करण्यात अर्थ नाही; चिंधीवर करावा.

दाब कमी असेल तर शिवण डावी-उजवीकडे भरकटते, टाक्यांची लांबी एकसारखी राहत नाही, जाड घडी आली की कापड अडून बसते आणि टाके एकाच जागी साचतात. येथे अनेकजण कापड मागून हाताने ओढतात. त्याने सुई वाकते, ती नीडल प्लेटवर आपटते आणि एका दोषाचे दोन होतात.

घरगुती शिवणासाठी योग्य दाब म्हणजे किमान पुरेसा दाब. कापड सुईबरोबर उचलले जाऊ नये आणि दात्यांनी ते सारखे पुढे न्यावे, इतकाच. त्याहून जास्त दाबाने शिवण चांगली होत नाही, यंत्र तेवढे जड चालते. पायडलवर दिवसाचे सहा-आठ तास काम करणाऱ्या बाईच्या गुडघ्यांना हा फरक चांगलाच कळतो. ‘मशीन जड झालेय, तेल घालायला हवे’ असे म्हणून तेल घातले जाते. दोन वळसे पेच सैल करावा हे सुचत नाही.

पेच फिरवण्याआधी

दाबाची तक्रार दिसली तरी चौकशी खालून वर करीत जावी. पेच हा शेवटचा टप्पा आहे. प्रथम नीडल प्लेट काढावी. दात्यांच्या खोबणींत वर्षानुवर्षांचा कापसाचा मळ दबून अगदी नमद्यासारखा घट्ट झालेला असतो. दात्यांचे टोकच वर येत नसेल, तर वरून कितीही दाब देऊन कापड सरकणार नाही. सुईने उकरून आणि ब्रशने झाडून हा मळ निघतो, आणि पुष्कळदा दुरुस्ती येथेच संपते.

त्यानंतर पाय पाहावा. पायाचा तळ गुळगुळीत व सपाट हवा. कापड न ठेवता पाय खाली सोडून यंत्र चालवण्याची सवय असेल, तर दात्यांनी तळावर चरे पाडलेले असतात आणि दात्यांची टोकेही बोथट होतात. पाय खाली सोडून त्याच्या दोन्ही बोटांखाली कागदाची अरुंद पट्टी सरकवून पाहावी. एका बोटाखाली ती पकडली जाते आणि दुसऱ्याखालून सहज निसटते, तर पाय वाकलेला आहे. तो सरळ करण्याच्या फंदात पडू नये, नवा घ्यावा. घेताना जुना पाय दुकानात न्यावा, कारण पायाच्या मानेची उंची सर्व यंत्रांत सारखी नसते. ‘सिंगर ६६’ या प्रकारच्या सुरुवातीच्या काही यंत्रांत पाय बाजूने न बसता मागून बसतो. त्याला बाजारातला नेहमीचा पाय लागत नाही. पायाचा स्क्रूही जपावा. घरगुती यंत्रांत तो साधारणपणे ९/६४ इंच व्यासाचा आणि इंचाला ४० आट्यांचा असतो. हार्डवेअरच्या दुकानातला दिसायला तसाच असलेला मेट्रिक स्क्रू जोर लावून बसवला, तर दांडीतल्या आट्या जातात आणि मग दांडीच बदलावी लागते.

आता खिट्टी खाली सोडून पाय कसा उतरतो ते पाहावे. तो चटकन ‘टक्’ करून बसला पाहिजे. हळूहळू उतरत असेल किंवा अर्ध्यावर अडकत असेल, तर दांडी तिच्या भोकात तेलाच्या राळेने चिकटली आहे. जुन्या यंत्रांतला बहुधा सर्वांत वारंवार आढळणारा आणि सर्वांत जास्त वेळा चुकीचा समजला जाणारा दोष हाच. दांडी अडकते, दाब कमी वाटतो, म्हणून पेच आवळत नेला जातो. शेवटी पेच तळाला टेकतो, स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि पाय तरीही अडलेलाच. या राळेचे मूळ घरातच असते. मशीनचे तेल संपले म्हणून कधीतरी खोबरेल वा गोडेतेल घातलेले असते, आणि खाण्याची तेले हवेने वाळून चिकट थर धरतात. त्यावर रॉकेलचे चार थेंब सोडावेत, रात्रभर मुरू द्यावेत, सकाळी दांडी खाली-वर करून काळा मळ फडक्याने पुसावा आणि मगच पांढरे मशीनचे तेल घालावे. रॉकेल तसेच ठेवू नये, ते वंगण नव्हे. स्पिरिटने पुसण्याचा मोह तर टाळावाच. जुन्या यंत्रांच्या काळ्या रंगावर आणि सोनेरी नक्षीवर लाखेचा थर असतो, आणि तो स्पिरिटने विरघळतो.

शेवटची तपासणी कॉलरची. पाय पाटावर पूर्ण टेकलेला आणि दाते खाली गेलेले असताना खिट्टी व कॉलर यांच्यामध्ये किंचित फट राहिली पाहिजे. फट नसेल तर कॉलर खिट्टीवर टेकून राहते, स्प्रिंगचा जोर खिट्टीवर जातो आणि कापडापर्यंत पोहोचतच नाही. अनेक यंत्रांत खिट्टी उचलली की ताणाच्या चकत्याही सैल होतात. ही जुळणी चुकली, तर पाय खाली असतानाही चकत्या अर्धवट उघड्या राहू शकतात आणि खालच्या बाजूला दोऱ्याचे जाळे पडते. ‘टेन्शन बिघडले’ ते असे.

स्प्रिंग काढताना, घालताना

विजेची मोटार बसवलेली असेल तर प्लग काढावा. सुई आणि पाय उतरवून ठेवावा. पेचाच्या वर किती आट्या दिसतात ते मोजून लिहून ठेवावे. नवी जुळणी करताना सुरुवात तेथूनच करायची असते. मग खिट्टी खाली सोडावी. ही गोष्ट महत्त्वाची आहे. खिट्टी वर असताना कॉलर वर जाते आणि स्प्रिंग जास्त दाबलेली असते. त्या अवस्थेत पेच उघडला तर शेवटच्या आट्यांवर तो उसळतो. खिट्टी खाली असली तरी पेचावर तळहात ठेवूनच तो सोडवावा.

पेच जागचा हलत नसेल तर उघड्या पकडीने धरू नये. निकेलचा मुलामा जातो आणि कडा झिजल्या की पुढे बोटांनी फिरवता येत नाही. जुन्या पट्ट्याचा चामड्याचा तुकडा गुंडाळून धरावा. त्याआधी रॉकेल आणि एक रात्र. घाई असेल तर केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा राळ सैल करते. पेच निघाल्यावर बहुतेक यंत्रांत स्प्रिंग वरच्या भोकातून चिमट्याने काढता येते. काहींत डावीकडची फेस प्लेट उघडून, कॉलरचा स्क्रू ढिला करून दांडी सरकवावी लागते. कॉलर ढिली केली की दांडी स्वत:भोवती फिरू शकते, म्हणून आधीची स्थिती खडूने खूण करून ठेवलेली बरी.

निघालेली स्प्रिंग टेबलावर उभी ठेवून पाहावी. गंजाने वेढे खाल्लेले, एखादा वेढा तुटलेला किंवा स्प्रिंग एका बाजूला झुकलेली असेल तर ती बदलावी. ती हाताने ताणून लांब करण्याचा उपाय सर्रास केला जातो. तो काही दिवस चालतो. ताणलेली स्प्रिंग पुन्हा बसते.

नवी स्प्रिंग निवडताना मात्र खरी चूक होते. यंत्राची मूळ स्प्रिंग लांब आणि तुलनेने मऊ असते. ती मिळाली नाही की दुकानातली आखूड, जाड तारेची स्प्रिंग ‘चालेल’ म्हणून घातली जाते, किंवा लांब स्प्रिंग कापून बसवली जाते. स्प्रिंगचा जोर ती किती दाबली गेली त्या प्रमाणात वाढतो, हा रॉबर्ट हुक यांचा नियम शाळेत शिकवला जातो. तो येथे लावून पाहावा. समजा, मूळ स्प्रिंग २० मिलिमीटर दाबलेली असताना हवा तेवढा दाब मिळतो. शिवणीच्या जाड घडीवर पाय २ मिलिमीटर वर उचलला गेला, तर दाब १० टक्के वाढेल. शिवणाऱ्याला ते जाणवणारही नाही. आता तेवढाच दाब कडक स्प्रिंगने अवघ्या ५ मिलिमीटरमध्ये दिला, तर त्याच घडीवर तो ४० टक्के वाढतो, आणि घडी उतरताच तितकाच झपाट्याने कोसळतो. गोधडीसारख्या उंचसखल कामात टाका कधी लांब, कधी तोकडा पडतो तो यामुळे. कापलेल्या स्प्रिंगचेही तेच. वेढे कमी झाले की ती अधिक कडक होते. म्हणून जुनी स्प्रिंग, तुटकी का असेना, बरोबर नेऊन लांबी, तारेची जाडी आणि आतला व्यास हे तिन्ही जुळवून घ्यावे. ‘१५’ वर्गातल्या यंत्रांसाठी ती मिळवणे फारसे अवघड नाही. काही औद्योगिक यंत्रांत वेढ्यांच्या स्प्रिंगऐवजी लांब पोलादी पट्टी असते. तेथे हा घरगुती उद्योग करू नये.

नवी स्प्रिंग दांडीवर चढवण्याआधी तेलाचा एक थेंब द्यावा. पेच हाताने सरळ बसवून पहिल्या दोन-तीन आट्या बोटांनीच लावाव्यात. तो तिरपा लागला तर डोक्यातल्या आट्या खराब होतात, आणि त्या दुरुस्त करणे स्प्रिंग बदलण्याइतके सोपे नाही. कॉलर ढिली केली असेल तर खिट्टी वर करून पाय नीडल प्लेटपासून सुमारे ६ मिलिमीटर उंच राहील अशी ती बसवावी. पायाची चीर दात्यांच्या रेषेत आहे आणि चाक हाताने फिरवले असता सुई चिरेच्या मध्यावर उतरते आहे, हे पाहून स्क्रू आवळावा. नंतर खिट्टी खाली करून ती किंचित फट पुन्हा तपासावी.

जपानी बनावटीच्या अनेक यंत्रांत गोल पेचाऐवजी एक कडे आणि त्यातून वर येणारी खुंटी दिसते. कडे दाबले की खुंटी उसळून दाब एकदम सुटतो; खुंटी खाली दाबत गेले की तो टप्प्याटप्प्याने वाढतो. रफूसाठी कापड हाताने हवे तसे फिरवता यावे, म्हणून ही सोय केलेली आहे. ती मोडलेली समजून खुंटी कायमची ठोकून बसवलेली यंत्रेही आढळतात.

कापड बदलले की

लेंग्या-झबल्याच्या सुती कापडापासून शर्टिंगपर्यंत एकदा जुळवलेला दाब बदलावा लागत नाही. रेशीम, जॉर्जेट, मलमल यांसाठी पेच दोन-तीन वळसे सैल करावा आणि काम संपताच पूर्ववत आणावा. जाड कापडासाठी दाब वाढवावा असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा. जाड कापडाने पाय मुळातच वर उचललेला असतो आणि स्प्रिंग आपोआप अधिक दाबली जाते. घट्ट विणीच्या डेनिमला थोडी वाढ मानवते. लोकर किंवा गोधडीतल्या मऊ थरांना उलट दाब कमीच हवा, अन्यथा वरचा थर लाटेसारखा पुढे ढकलला जातो. किती वळसे, हे यंत्रागणिक बदलते. चांगली शिवण आली की पेचावरच्या आट्या मोजून तो आकडा कापडाच्या नावासह मशीनच्या खणात चिठ्ठीवर लिहून ठेवावा. पेचाला पुढे कोणाचा हात लागला तरी दाब पुन्हा जागेवर आणता येतो.

यंत्र बरेच दिवस बंद राहणार असेल तर सुती कापडाची दुहेरी घडी पायाखाली घालून पाय खाली सोडावा. पाय वर ठेवला तर स्प्रिंग तेवढे महिने दाबलेली राहते.